लाइन जाऊन आल्यावर

आधीच सांगते, मले भांडायची हौस नाही. ऑफिसात लोक म्हणतात आहे म्हणून, म्हणोत बापडे. पण डोळ्यासमोर एका माणसाच्या पोटावर पाय देणं चालू आहे आणि आपण चहा पीत बसायचं, हे मले जमत नाही. माझ्या मायनं तसं शिकवलंच नाही.

आमची कंपनी कोळशाच्या खाणीसाठी गॅसचा अलार्म बनवते. पिवळा डबा, टिफिनाएवढा. खाणीत गॅस वाढला की त्यानं बोंबलायचं, एवढंच त्याचं काम. किती गॅस झाला की बोंबलायचं, तो आकडा खाणवाले त्यात भरतात. वरच्या मजल्यावर आम्ही सॉफ्टवेअरवाले, खालच्या मजल्यावर मशीनवाले. मी वर टेस्टिंग करते. खाली शेवटची तपासणी नागसेन करतो. जरीपटका वस्तीतून येतो, कंपनी उघडली तेव्हापासून आहे.

आता झालं असं. वर कामाची एक पद्धत, खाली दुसरी, दोघांच्या तपासण्या वेगवेगळ्या. पण एका मोठ्या टेंडरले सगळ्या कंपनीचं मिळून एकच सर्टिफिकेट पाहिजे होतं, मॅच्युरिटी मॉडेलचं, लेव्हल थ्री. म्हणजे कंपनी पोरकटपणा सोडून समजदारीनं काम करते का, हे बाहेरचा माणूस येऊन तपासते आणि पायरी देते. त्यासाठी दोन्ही पद्धती जोडून एकच करायची होती. कल्पना वाईट नाही. मी तं म्हणते चांगलीच आहे. डबा एकच, मंग त्याचं अर्धं अंग वर आणि अर्धं खाली कायले? पण जोडायचं म्हणजे दोन्ही घरच्या लोकांले बसवून विचारा लागते. सोयरीक जुळवताना तरी विचारतात.

हे काम आलं स्वानंद सरांकडे. क्वालिटीचे मॅनेजर, पुण्याहून आलेले, शर्टाची इस्त्री दिवसभर मोडत नाही. त्यांनी वरच्या तपासण्या आणि खालच्या तपासण्या शेजारी ठेवल्या, आणि जिथं जिथं दोन सारख्या दिसल्या, तिथं एक कापली. कोणाले विचारलं नाही.

वर आमची एक टेस्ट होती. लाइन म्हणजे वीज घालवायची, परत आणायची, आणि भरलेला आकडा डब्याच्या ध्यानात राहिला का ते पाहायचं. खाली नागसेनची एक होती. लाइन घालवायची, परत आणायची, आणि डबा चालू होऊन हिरवा दिवा लागते का ते पाहायचं. सरांनी आमची कापली.

“सर, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,” मी मीटिंगमध्ये म्हटलं. “बेशुद्ध माणूस उठून बसला का, हे एक. उठल्यावर त्याले स्वतःचं घर आठवते का, हे दुसरं.”

“अंजू, दोन्हींत लाइनच घालवताय ना? तेच तेच काम कमी करायचं, हाच तर इंटिग्रेशनचा हेतू आहे.”

“मंग खालच्या तपासणीत आकडा पाहायचं तरी टाका.”

“ऑडिट तोंडावर आलंय. आता नवीन काही नको.”

माझ्या बाजूले वैभव बसला होता, डब्याचं सॉफ्टवेअर तोच लिहितो. त्यानं टेबलाखालून माझ्या पायाले पाय लावला, म्हणजे गप बस. बाकीचे सगळे मुंडी खाली घालून बसले होते. मी एकटीच वेड्यावानी बोलत होती.

आणि व्हायचं तेच झालं. वैभवनं सॉफ्टवेअरमध्ये एक बदल केला, त्या बदलानं लाइन गेली की आकडा पुसला जायले लागला. चूक कोणाच्याही हातून होते, मी त्याले काही म्हणत नाही. ती पकडायलेच टेस्ट असते आणि टेस्ट तं कापून ठेवली होती. डबे गेले सावनेरकडच्या एका खाणीत. नशीब, खाली बसवायच्या आधी तिथल्या लोकांनी वरच चाचणी घेतली. लाइन गेली, आली, हिरवा दिवा लागला, आणि गॅस सोडला तं डबा मुका. सगळे डबे परत आले.

मी सावनेरचीच आहे. माझ्या गल्लीतले लोक त्याच खाणीत उतरतात.

मंग कारण शोधायची मीटिंग झाली. मॉडेलमध्येच आहे ते, चूक झाली की तिचं मूळ शोधा. मूळ शोधत शोधत हे शहाणे कुठं पोचले? तं नागसेनपाशी. शेवटची सही त्याची होती ना. ‘तपासणी करणाऱ्याचा निष्काळजीपणा’ असं ठरवलं आणि त्याले घरी बसवलं. ऑडिट झालं की राजीनामा दे, नाही तं आम्ही काढतो, हे तोंडी सांगतलं. पाणी उताराकडे जाते म्हणतात, दोषही तसाच खालच्या मजल्यावर गेला.

मी त्याले फोन केला. “नागसेनभाऊ, तुमी काहून गप बसले?”

“काय बोलू ताई? मले जे पाहायले सांगतलं ते मी पाहिलं. हिरवा दिवा लागला होता. सही केली.” मंग म्हणाला, “दुसऱ्या कंपनीत जाऊन आलो. ते विचारतात, पहिली काहून सोडली? काय सांगू त्यायले? माझ्यानं लोकं मेले असते म्हणून?”

फोन ठेवला आणि अर्धा घंटा नुसती धुसफुसत घरात फिरत राहिली.

इकडे सर आमची उत्तरं घोकून घेऊन राहिले होते. चूक झाली तर काय करता, असं ऑडिटवाल्यानं विचारलं की म्हणायचं, “आम्ही माणसाला दोष देत नाही, पद्धत सुधारतो.” हेच वाक्य जिन्यात मोठ्या अक्षरात लावलं. मी रोज त्याच्याखालून वर जायची आणि रोज अंगाची लाही लाही व्हायची.

ऑडिटले आले मनोहरराव. पिकल्या केसांचे, हळू आवाजात बोलणारे. मॅनेजर लोकांनी खोलीत बसायचं नाही, असा त्यांचा नियम. आत मी, वैभव आणि आणखी दोघं. काचेच्या दाराबाहेर स्वानंद सर येरझारा घालून राहिले होते.

“एखादी चूक झाली, तर इथं काय करता?” मनोहररावांनी विचारलं. पाहिलं माझ्याकडेच, कारण माझ्या मांडीवर पिवळा डबा होता.

“सर, घोकलेलं सांगू का झालेलं सांगू?”

त्यांनी पेन खाली ठेवला. “झालेलं सांगा.”

मी डबा टेबलावर ठेवला, खाणीतून परत आलेल्यातलाच. प्लग लावला, आकडा भरला आणि टेस्टिंगच्या छोट्या बाटलीतून गॅस सोडला. डबा असा बोंबलला की बाहेर स्वानंद सर जागच्या जागी उभे राहिले. मंग मी प्लग काढला आणि परत लावला. हिरवा दिवा लागला.

“नागसेन नावाच्या माणसानं इथपर्यंत पाहिलं,” मी म्हटलं. “त्याले इथपर्यंतच पाहायले सांगतलं होतं.”

परत गॅस सोडला. काही नाही. सगळी बाटली त्याच्या तोंडाशी रिकामी केली. डबा आपला हिरवा दिवा लावून गुपचूप बसून राहिला.

“हे पकडणारी टेस्ट तुमच्याकडे नव्हती?” मनोहररावांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण बोलला वैभव. “होती सर. दोन्ही पद्धती एकत्र करताना काढली. अंजूनं नको म्हटलं होतं. आम्ही बाकीचे गप बसलो.” मान खाली घालूनच बोलला, पण बोलला.

“आणि हे नागसेन? त्यांना बोलवा.”

“तो घरी आहे सर,” मी म्हटलं. “आम्ही पद्धत सुधारून राहिलो ना.”

मनोहरराव ना चिडले, ना आवाज चढवला. जाताना सरांले एवढंच म्हणाले की तुम्ही दोन पद्धती जोडल्या नाहीत, एकीचा हात तोडला आणि त्यालाच जोडणं म्हणालात. सर्टिफिकेट अडकलं. कापलेली टेस्ट परत आली. नागसेनलेही परत बोलावलं. कोणी माफी मागितली नाही. कागदावर लिहिलं, रजा संपवून रुजू. जशी काही रजा त्यानंच मागितली होती.

सरांनी मले केबिनमध्ये बोलावलं. “झालं समाधान? टेंडर गेलं. या वर्षी कोणाचा पगार वाढणार नाही. तुझ्यामुळे किती लोकांचं नुकसान झालं, कळतंय का?”

“सर, सावनेरच्या त्या खाणीत एका पाळीले किती लोक उतरतात, तुम्हाले माहीत आहे?”

“नाही.”

“मले माहीत आहे. नावानिशी.”

आता कॅन्टीनमध्ये वैभव सोडून माझ्याजवळ कोणी बसत नाही. नका बसू. डबे दुरुस्त करून परत त्याच खाणीत पाठवायचे आहेत, त्यामुळे खाली नागसेन दिवसभर तेच करून राहिला. प्लग काढतो, लावतो, गॅस सोडतो, आणि एकेक डबा बोंबलते. वरच्या लोकांची तक्रार आहे की डोकं दुखते, काम सुचत नाही. दर वेळी स्वानंद सर उठतात आणि जिन्याचं दार लावून घेतात.

मी उठते आणि परत उघडते.