डबीवरचा दिवा

बाईंनी नवऱ्याच्या शर्टाची दोन बटणं सोडली, छातीवर तळहात ठेवला आणि मान हलवली.

"काहीच लागत नाही."

"दिवा हिरवा आहे ना? मग चालू आहे." इंजिनिअरने पेशंटच्या कमरेच्या पट्ट्यातली डबी दाखवली.

"मीही तेच सांगतोय," नवरा म्हणाला. "मी बडबडतोय म्हणजे चालूच असणार!"

त्याच्या थकलेल्या हृदयाच्या जोडीला लिंबाएवढा पंप बसवला होता. रक्त सलग वाहायचं, त्यामुळे मनगटाला नाडी लागत नसे.

इंजिनिअरची वीस वर्षं कारखान्यात पाण्याच्या पंपांवर गेली होती. थरथर ही तिथली त्याची वैरीण. ती सुरू झाली की बेअरिंग खलास. शेचाळिसाव्या वर्षी ती नोकरी सोडून तो या संशोधन केंद्रात आला, तेव्हा बायको म्हणाली होती, "आता माणसांच्या आत नळजोडणी करणार वाटतं!" मागच्या महिन्यात त्याने डबीतला प्रोग्राम बदलून या पंपाची उरलीसुरली थरथरही घालवली होती. सगळ्यांनी पाठ थोपटली होती.

"आधी लागायचं?" त्याने विचारलं.

"बारीकसं. मांजर घुरघुरतं ना, तसं. भाजी चिरता चिरता उठायचं, हात लावून बघायचं, पुन्हा चिरायला बसायचं. आता सारखी दिवा बघते. पण दिवा डबीचा हो. यांचा थोडाच आहे?"

पंप आता जास्त टिकेल, हे सांगायला आकडे त्याच्या जिभेवर होते. त्याने खुर्ची ओढली.

"हात नेमका कुठे ठेवता?"

थोडी थरथर परत आणायची त्याची कल्पना ऐकून केंद्राच्या प्रमुख डॉक्टर हसल्या. "तुम्हाला थरथर घालवायलाच आणलं होतं ना?"

"हो. ती कुणाच्या कामाची असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं."

"आधी टेबलावर करून बघा. पेशंटला इतक्यात हात लावायचा नाही."

पुढच्या तपासणीला त्याने दोघांना प्रयोगशाळेत नेलं. तसाच एक पंप मिठाच्या पाण्यात फिरत होता. वर छातीच्या जागी जाड रबर ताणलेलं. बाईंनी त्यावर तळहात टेकला. तो बटण हळूहळू फिरवू लागला.

"आलं?"

"अंहं."

"आता?"

"अगं बाई! एवढं नको, घाबरल्यासारखं वाटतंय. जरा मागे घ्या." त्यांनी डोळे मिटले. "अजून थोडं... हं. हे."

त्याने आकडा टिपून घेतला. पंपाला ही थरथर कितपत सोसेल, याचा हिशेब त्याच्या मनात सुरूही झाला होता.

स्टुलावर बसलेला नवरा उठला.

"सरक जरा," तो बायकोला म्हणाला आणि तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. तो हात त्याने काढलाच नाही. थट्टासुद्धा केली नाही.

"अहो, काय झालं?"

"काही नाही गं. मीपण छातीला हात लावून शोधत असतो."

इंजिनिअरचं काम झालं होतं. त्याने पंप बंद केला नाही.