गोंगाट

"अहो, हळू. काच आहे ती, मशीनचं पायडल नाही," जावई म्हणाला.

कानसेनांनी तिसऱ्यांदा बोट टेकवलं. फोन ढिम्म. अडतीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करताना सुयांनी टोचून, कानशीने घासून आणि तेलाने माखून त्यांच्या तर्जनीचं कातडं चपलेच्या तळासारखं झालं होतं. फोनला ते माणसाचं बोट वाटतच नव्हतं.

"काका, दुसरं बोट लावून बघा ना," काउंटरमागची बाई म्हणाली.

मधलं लावलं, अंगठा लावला. शेवटी जन्मभर कामचुकारपणा केलेली करंगळी लावली, आणि चित्रं सरसर हलली.

"घ्या! शाळेत करंगळी वर केली की बाहेर सोडायचे, इथे आत घेतात."

बाई हसली. जावई हसला नाही. सासऱ्याच्या विनोदाला हसायचं नाही, हा नेम तो लग्नापासून पाळत आला होता. सासऱ्याच्याच घरात राहून पाळत होता, हे विशेष.

कानसेनांचा जुना बटणांचा फोन सदऱ्याच्या खिशातून थेट धुण्याच्या बादलीत गेला होता. फोनशिवाय त्यांचं एक दिवसही भागण्यासारखं नव्हतं. गुडघे गेल्यापासून कपड्यांच्या कारखान्याचे तीन जिने त्यांना चढवत नसत. मग कारखान्यातल्या सुपरवायझरबाई बिघडलेल्या मशीनवर फोन ठेवत, हे घरी बसून ऐकत आणि सांगत, "शटल घासतंय," नाहीतर "पट्टा सैल झालाय." बाई हातात पाना घेत आणि मशीन सुरू होई. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. कानसेन हे नाव त्यांना कारखान्यातल्या बायकांनीच दिलं होतं.

"बटणांचा नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण त्याचा आवाज काही खास नाही हो. पंखा, रस्ता, मागची भांडी, सगळं कानात शिरतं." बाईने पडद्यावाला फोन पुढे सरकवला. "हा मात्र गोंगाट कापून टाकतो. तुमच्याकडचा आणि समोरच्याकडचासुद्धा. कामाचं तेवढंच ऐकू येतं."

कानसेन विचारात पडले. एकीकडे बटणं, ती बोटाला कळत होती. दुसरीकडे गुळगुळीत काच आणि स्वच्छ आवाज. बोटाचं काय, करंगळी होती. कानाशी मात्र तडजोड नाही.

"बोटाचं मी बघतो. हाच द्या," ते म्हणाले.

जावई काही बोलायला गेला आणि थांबला. त्याचा स्वतःचा धंदा फोनची कव्हरं विकण्याचा. फोनबद्दल त्याला बोलता येणार नाही अशी गोष्ट जगात नव्हती. पण त्या दिवशी तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुपरवायझरबाईंचा फोन आला.

"कानसेन, अकरा नंबर टाके सोडतंय. फोन ठेवते मशीनवर."

"ठेवा आणि चालवा."

काहीच नाही.

"चालवा की, बाई!"

"चालूच आहे."

"बंद आहे हो."

"मी इथे पायडल दाबून बसलेय आणि तुम्ही मला बंद सांगता? नीट ऐका!"

त्यांनी फोन कानात रुतेल इतका दाबला. आत मिट्ट शांतता. मग एक पुरुषी आवाज आला, अगदी शेजारी उभा राहून बोलावं इतका स्पष्ट. नव्या मॅनेजरचा.

"हेच का तुमचे फोनवरचे डॉक्टर? इतके दिवस उंटावरून शेळ्या हाकत होते. आता शेळ्यांचा आवाजही येईना!"

बायका हसल्या. ज्यांची मशीनं त्यांनी वर्षानुवर्षं चालत्या ठेवल्या, त्याच बायका. हसणंही लख्ख ऐकू आलं. माणसांचं बोलणं ऐकू येतंय, पण मशीन नाही. म्हातारपणी आधी बारीक आवाज जातात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणजे गेला कान. होतं नव्हतं ते एवढंच होतं, तेही गेलं.

जेवताना त्यांनी ते लेकीला सांगितलं. जावयाने ताटातून मान वर केली नाही.

"वयाप्रमाणे व्हायचंच," तो म्हणाला. "आता आराम करा. खूप केलंत."

इतकं गोड तो सात वर्षांत बोलला नव्हता. संध्याकाळी त्याने टेप काढला आणि पुढची खोली मोजायला घेतली. तिथे कानसेनांची दुरुस्तीची मशीनं, तेलाचे डबे, आणि बायकोचं जुनं मशीन होतं. "नुसतं मोजून ठेवतोय," तो म्हणाला. "कव्हरांचं काचेचं कपाट बसतं का, बघावं." कानसेनांनी त्याला मोजू दिलं. बहिऱ्याने कशावर हक्क सांगायचा?

तिसऱ्या दिवशी दुपारी ते मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुढे लेक आईच्या मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती.

"अगं, तेल घाल त्याला!" ते ओरडले. "कोरडं चाललंय!"

आणि ताडकन उठून बसले. मधे स्वयंपाकघर, दोन दारं, त्यातलं एक लोटलेलं. तरी मशीनचा घसा कोरडा पडलेला त्यांना ऐकू आला होता.

"तुझा फोन मशीनवर ठेव," त्यांनी हाक मारली. "मला लाव, आणि शिवत राहा!"

फोन वाजला. करंगळीने उचलून त्यांनी उजव्या कानाला लावला. "येतंय का ऐकू, बाबा?" लेकीचा आवाज स्वच्छ. पाठीमागे काही नाही. आणि डाव्या कानात, दोन दारांपलीकडून, मशीन बिनदिक्कत खडखडत होतं. त्यांनी फोन डाव्या कानाला लावला. आता मशीन उजव्या कानात आलं.

ते पुढच्या खोलीत गेले तेव्हा जावई जेवायला येऊन दारात चपला काढत होता.

"जावईबापू, हा फोन मशीन गिळतोय."

"गोंगाट कापतो ना तो. दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं की. बंद करता येतं ते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझा धंदाच आहे तो."

"आणि दोन दिवस मी बहिरा म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, तेव्हा?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

लेकीने मशीन थांबवलं. "अहो..." एवढंच ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघेना.

"घर सासऱ्याचं, खोली सासऱ्याची, आणि कान कापायलाही सासराच सापडला तुम्हाला," कानसेन म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ते आधी बंद करा. मग तो टेप गुंडाळून ठेवा. ही खोली मी मेल्यावर मोजायची."

जावयाचा चेहरा लाल झाला. पण त्याने फोन घेतला आणि दोनदा बोट टेकवलं. त्याच्या बोटाला फोन लगेच वश झाला. फोन सासऱ्याच्या हातात देण्याऐवजी त्याने मशीनवर आपटला आणि न जेवताच निघून गेला.

कानसेनांनी करंगळीने कारखान्याला फोन लावला. पलीकडे सुपरवायझरबाईंनी उचलला, आणि त्यांच्या आवाजाआधी मशीनं आली. चाळीसच्या चाळीस, एकदम. कानसेनांनी डोळे मिटले. याला कुणी गोंगाट म्हणत असेल, हे त्यांना आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

"बाई, फोनचा दोष होता. कान शाबूत आहे."

"कानसेन, आजपासून मशीनकंपनीचा माणूस लावलाय. रोज येणार. मी साहेबांना खूप सांगितलं हो. पण त्या दिवसानंतर ते ऐकेचनात."

"हसायला तुम्हीही होता."

"होते," बाई म्हणाल्या. "चुकलं."

कानसेन फोन कानाला लावून उभे राहिले. चाळीसांतलं एक मशीन त्यांना वेगळं ऐकू येत होतं.

"तुमच्याजवळच्या कुठल्यातरी मशीनची सुई खालच्या पट्टीला लागतेय," ते म्हणाले. "नव्या माणसाला सांगा. तासाभरात मोडेल, कुणाच्या बोटात जाईल."

"कुठलं मशीन?"

"त्याला ऐकू येईल की. पगारी आहे."

मग त्यांचं त्यांनाच राहवेना.

"खिडकीकडचं असेल. तिथे आवाज जरा मोकळा येतो. आधी ते थांबवा."

"थांबवते," बाई म्हणाल्या. फोन बंद न करताच बाईंनी तो टेबलावर ठेवला असावा. त्यांची पावलं लांब गेली.

फोन बंद करायला कानसेनांनी तर्जनी टेकवली. फोन ढिम्म. त्यांनी करंगळी पुढे केली आणि परत मिटली. लेकीने बसायला स्टूल सरकवलं. चाळीसांतलं एक मशीन थांबलं, तेवढं त्यांनी ऐकलं, आणि उरलेली एकोणचाळीस ऐकत ते बसून राहिले.