जुळतं बटण

आत आमच्या ह्यांच्या नाकातून दुर्बीण फुप्फुसात उतरत होती आणि बाहेर बाकावर माझा जीव टांगणीला लागला होता. चार महिन्यांचा खोकला, उजव्या फुप्फुसात डाग. "गाठ असावी. तुकडा काढून तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यावर घरी मी ह्यांना झाडलं होतं, ओढा अजून सिगारेटी! आता त्याची लाज वाटत होती, पण राग काही गेला नव्हता.

नर्स सहीचा कागद घेऊन आली. तिच्या कोटाचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. शिंप्याची बायको मी, नजर आधी तिथंच गेली. आणि ते दुसरं बटण आठवलं.

आमचे हे एक बटण लावताना पुढचं दातांत धरून ठेवतात. खोकला सुरू व्हायच्या आधी एकदा असंच धरलं होतं. शर्ट ज्याचा होता, त्या गिऱ्हाईकाची मी नक्कल करून दाखवली. माप देताना पोट आत ओढून उभं राहायचं ते ध्यान! हे खदखदून हसले, जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाले, "गिळलं वाटतं. जाईल पोटातून." विषय तिथंच संपला. पुढे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, श्वासनळीत काही गेलं होतं का, तर आम्ही दोघंही ठामपणे नाही म्हणालो.

"आत जाऊ द्या मला!"

"नाही जाता येणार, मावशी."

"मग तू जा! सांग, गाठ नसेल, बटण असेल. प्लॅस्टिकचं, चार भोकांचं. पळ!"

वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसं बघत ती गेली. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. "धरा, सुटलं, परत धरा!" मग काहीच नाही. मी दाराला कान लावला.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई छोटी बाटली घेऊन बाहेर आल्या. आत काळपटलेलं बटण. "भोवती मांस वाढलं होतं, तेच गाठीसारखं दिसत होतं. तुकडा तपासायला पाठवतेय, पण घाबरू नका."

मी ढसाढसा रडले. एवढे दिवस सिगारेटीच्या नावानं खडे फोडले, आणि हसवलं होतं मीच.

संध्याकाळी ह्यांचा आवाज परत आला, चिरका. बाटली उजेडात धरून म्हणाले, "त्या शर्टाला शेवटचं बटण वेगळं लावावं लागलं होतं. बोलव त्या गिऱ्हाईकाला, जुळतं सापडलं."

"बोलावते. येईल पोट आत ओढून," माझ्या तोंडून निघून गेलं.

ह्यांचे खांदे हलायला लागले. मी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "अहो, हसू नका!"