काचसामानाची जागा

ताईंनी शिट्टी जोरात फुंकली, तशी फोर्कलिफ्ट कर्रकन थांबली आणि पिवळा पट्टा ओलांडायला निघालेल्या सासूबाईही जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"अहो आई, पट्ट्याच्या आतूनच चालायचं म्हटलं होतं ना मी!"

"अगं, एवढं ओझं हा उचलतो तरी कसा, ते बघत होते."

फोर्कलिफ्टवाला वर बसल्या बसल्या हसला. गोदामात सगळे त्याला 'विमान' म्हणत, कारण त्याच्याइतकी सावकाश गाडी कुणीच चालवत नसे.

"बसता का आजी? एक चक्कर मारून आणतो."

"आधी तुझ्या ताईला विचार. मला बघून नाही थांबलास, तिच्या शिट्टीला थांबलास."

विमान एवढा खूश झाला की निघताना त्याने उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

ताई या गोदामाच्या प्रमुख होत्या. घरी फरशी बसवायचं काम निघालं होतं, सगळीकडे धुरळा, म्हणून साहेबांना विचारून त्यांनी आज सासूबाईंना बरोबर आणलं होतं. त्यात एक लपवलेला हेतूही होता. रविवारी सासूबाई आपल्या घरी परत जाणार होत्या, आणि त्यांचं मन वळवायला ताईंना निवांत वेळ हवा होता.

सासूबाई पाय घसरून पडल्या, तेव्हा त्यांना हट्टाने घेऊन आल्या होत्या त्या ताईच. "आईला इथे करमणार नाही," असं नवरा सांगत होता, पण ऐकतंय कोण! ताईंनी नोकरी धरली तेव्हा घरादाराने नाकं मुरडली होती, आणि एकट्या सासूबाई पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. ताईंना त्या घरात हव्या होत्या, अगदी मनापासून. पण आल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं. एरवी समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्या बाई जेवून मुकाट्याने खोलीत जायच्या. काही कमी पडतंय का, असं विचारलं की म्हणायच्या, "छे गं, काहीच कमी नाही." यावर माणूस पुढे काय बोलणार?

आज मात्र स्वारी खुलली होती. हात मागे बांधून त्या मांडण्यांमधून अशा फिरत होत्या, की तपासणीला आल्यासारख्या वाटाव्यात.

"हे साबण अगदी दाराशी का गं?"

"रोज लागतात, आई. दिवसभर गाड्या भरायच्या असतात. रोजचा माल हाताशी, कधीमधी लागणारा मध्ये."

"आणि तिकडे मागे?"

मागची बाजू दाखवताना ताईंना नेहमीच अभिमान वाटायचा. इथे फोर्कलिफ्टची वर्दळ नव्हती, उन्हाची तिरीप नव्हती, आवाजही पोचत नव्हता. खोक्यांखाली जाड पुठ्ठे, वर प्लास्टिक, सगळं कसं नीटनेटकं.

"हे काचसामान. नाजूक असतं ना, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवायचंच नाही. धक्का लागायला नको, कुणाचा हात लागायला नको."

"मागणी असते का याला?"

"फारशी नाही. पडून असतं बिचारं."

सासूबाईंनी वरच्या खोक्यावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, ती त्यांनी हळूच पदराला पुसली.

"जपलंयस मात्र छान," त्या म्हणाल्या.

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर ताईंनी हसून परतवला असता. पण सासूबाईंनी खरंच कौतुक केलं होतं, आणि ताई खोक्यांकडे बघत राहिल्या. घरची मागची खोली त्यांनीच निवडली होती. शांत, गार, जाड पडद्यांची. आजीला त्रास द्यायचा नाही, अशी मुलांना तंबी दिली होती. कामाला हात लावू दिला नव्हता.

"चला आई, चहा घेऊ," एवढंच त्या म्हणाल्या. मन वळवायचं बोलणं काही त्यांनी काढलं नाही.

संध्याकाळी घरी पोचताच पदर खोचून त्यांनी खाटेचं एक टोक धरलं आणि दुसरं नवऱ्याला धरायला लावलं. खाट निघाली ती थेट पुढच्या खोलीत, दाराला लागून.

"इथे? अगं, येता-जाता सगळे अडखळतील!" नवरा म्हणाला.

"अडखळू देत."

"मी सगळ्यांच्या वाटेत येईन गं," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"या ना, आई. म्हणून तर."

झोपेचं खोबरं झालं ते झालंच. बेल वाजायची, मुलं दप्तरं खाटेवर भिरकावायची, मोज्यांवरून भांडणं आजीच्या कोर्टात जायची. भाजीवाल्याशी घासाघीस आजी खाटेवरूनच करू लागल्या. शेजारणी कामावर जाताना आपापली पार्सलं त्यांच्याकडे घ्यायला सांगून जायच्या. त्यांनी ती खाटेखाली लावली. लवकर नेणारीचं पुढे, विसरभोळीचं मागे. ताईंनी वाकून पाहिलं आणि काही सुचवायचा मोह आवरला. जायचा विषय मात्र कुणीच काढला नाही.

रविवारी सकाळी नवऱ्याने गाडीची किल्ली हातात घेतली.

"आई, निघायचं ना?"

सासूबाई धाकट्या नातीची वेणी घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"आज कसं जमेल? वरच्या मजल्यावरचीचं पार्सल यायचंय. मी गेले तर दार कोण उघडणार?"

नवऱ्याने ताईंकडे पाहिलं. रविवारी मालाची एकही गाडी सुटत नाही की पार्सल येत नाही, हे गोदामाच्या प्रमुखाला सांगायला नको होतं.

"हो, ते आहेच," ताई म्हणाल्या, आणि चहाला आधण ठेवायला आत गेल्या.