एकट्याची टोळी

आल्पो रेइनिक्काला चोरीबद्दल सहा महिन्यांची कैद झाली आणि साथीदारांची नावं न सांगण्याच्या कोडगेपणाबद्दल आणखी चार. साथीदार नव्हतेच, पण हे कोर्टाला पटणं कठीण होतं. सायमीकाकूंच्या दुकानातली तिजोरी एकशे सत्तर किलोची, आणि ती सापडली दीड किलोमीटरवर, गोठलेल्या तळ्यापलीकडच्या जंगलात. तिच्यावर एकोणीस वर्षांचा आल्पो बसला होता. तिजोरी फोडायला हत्यार लागतं, हे त्याला तिथे पोचल्यावर सुचलं होतं.

बर्फात पावलं एकाच माणसाची होती, गुडघाभर खोल. हवालदार नीलोंनी त्याचा उलगडा असा केला, की चौघे चोर एकामागून एक, त्याच ठशांत पाय टाकत गेले. या तर्कबुद्धीची कोर्टाने खास दखल घेतली.

त्याआधीही आल्पोचं नाव फार चांगलं नव्हतं. चौदाव्या वर्षी त्याने मास्तरांची गाडी उचलून भूर्जाच्या दोन झाडांमध्ये आडवी ठेवली आणि शाळा सुटली ती कायमची. बाप लाकूड कापायच्या गिरणीतून थेट दारूत गेलेला. पोराजवळ ताकद होती, पण ती ठेवायची कुठे हे सांगायला घरात कुणी शुद्धीवर नव्हतं.

ते सांगितलं तुरुंगातल्या कारखान्याच्या म्हाताऱ्या मुकादमाने. तो तरुणपणी वजनं उचलायचा. त्याने आल्पोला लोखंड दिलं आणि ते हळू खाली ठेवायला शिकवलं. सुटताना मे महिन्यातल्या जिल्ह्याच्या शक्तिस्पर्धेचा अर्जही हातात दिला. अट एकच होती: शिक्षा झालेल्या माणसाला गावातल्या दोन प्रतिष्ठितांची सही हवी. सही मिळाली नाही, तर पुढे गिरणी होती आणि बापाची वाट.

गावात प्रतिष्ठित माणसं मोजून दोन. एकीची तिजोरी त्याने नेली होती आणि दुसऱ्याने त्याला धरलं होतं.

तीन दिवस तो दुकानात जाऊन काडेपेटी घेऊन परत आला. गावात अवघड गोष्ट कुणी चटकन बोलत नाही. चौथ्या दिवशी काकूच म्हणाल्या, "आल्पो, जंगल पेटवायचा बेत आहे का?"

त्याने अर्ज पुढे केला. काकूंनी तो दोनदा वाचला. चार माणसांनी ट्रॅक्टरवर घालून परत आणलेली तिजोरी दुकानातल्या कोठाराच्या दारातच टेकवली होती, आणि तेव्हापासून काकू आत-बाहेर तिरक्या होऊन जात होत्या.

"आधी ती जिथून उचललीस तिथे ठेव."

कुणी कुणाला बोलावलं नाही, पण पाव तासात दुकानात अकरा माणसं झाली. बघत कुणीच नव्हतं. सगळे मटारच्या सुपाच्या डब्यांवरचा मजकूर वाचत होते. हवालदार नीलोंच्या हातातला डबा उलटा होता.

आल्पो वाकला, तिजोरीला मिठी मारली आणि उठला. आत कोपऱ्यापर्यंत गेला, तर जागेवर बटाट्याची पोती. काकूंनी ती एकेक करून बाजूला ओढली. मग जमीन नीट दिसल्यावर त्यांना केर दिसला. त्यांनी झाडू आणला आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिजोरी पोटाशी धरून आल्पो उभा राहिला. मान लाल झाली. मदतीला कुणी हललं नाही. त्याने न मागता मदत करणं म्हणजे त्याचा अपमान झाला असता. केर भरून झाला, तेव्हा त्याने तिजोरी खाली ठेवली. आवाज झाला नाही.

शेवटी एक म्हातारा म्हणाला, "दार मोकळं झालं." गावाच्या स्मरणात एवढी स्तुती कुणाची झाली नव्हती.

नीलोंनी डबा फळीवर ठेवला, टोपी काढली. "एकटाच होतास तर."

"मी तेव्हा सांगितलं होतं."

"हो. लिहूनही घेतलं होतं मी. माझं चुकलं, पोरा."

काकूंनी कॉफी ओतली. आल्पोने रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा पेला घेतला. काकूंनी सही केली. नीलोंनीही केली आणि शेऱ्याच्या जागी जपून लिहिलं: या मुलाला साथीदार नव्हते.

स्पर्धेत आल्पो तिसरा आला. गावातून अकरा माणसं बसने गेली होती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मात्र सुपाचे डबे घरी ठेवले होते आणि सगळे सरळ त्याच्याकडे बघत होते.