परसातलं परळ

"मोज, आये. सतरा ठिकाणी खाल्लीय." दत्तानं ठिबकच्या नळीचा तुकडा आईपुढं टाकला.

बानूबाईंनी अजून पायातली चप्पलही काढली नव्हती. दौंडला लेकीचं बाळंतपण उरकून त्या सव्वा महिन्यानं मांडवगणला परतल्या होत्या, आणि भाचा कुणावर गेलाय हे विचारायचं सोडून पोरगा नळी दाखवत होता. त्यांनी तुकडा उजेडात धरला. भोकाच्या कडेला बारीक दातांच्या खुणा होत्या.

"खार हाय," त्या म्हणाल्या.

"ते मलाबी कळतं. तूच लाडावून ठेवल्यात. रामाची खार म्हणं! रामाला काय ठिबक व्हतं का?" दत्तानं कोनाड्यातली पुडी दाखवली. "औषध आणलंय. उद्या कणकंच्या गोळ्या करून मिरचीच्या रानात टाकतो."

बानूबाईंना हसू आलं, आणि ते दत्ताला चांगलंच झोंबलं. बारा वर्षं त्या एकच गोष्ट ठणकावून सांगत आल्या होत्या: खार नळी खात नाही, नळीतलं पाणी पिते. उन्हाळ्यात चार दिवस पाणी ठेवून पुण्य गाठीला बांधणारे गावात पुष्कळ होते. बानूबाईंच्या परसातलं मातीचं पसरट परळ मात्र बारा महिने भरलेलं असे, अगदी श्रावणातसुद्धा. शेजारच्या भागुबाई म्हणायच्या, "पाऊस पडतोय की, तुमी कशाला भरताय?" त्यावर बानूबाई विचारायच्या, "डबक्यातलं तुमी प्याल का?"

"मी नव्हते तवा परळ कोण भरत व्हतं?"

दत्तानं बायकोकडं पाहिलं. अनिता भाकरी थापत होती. "थंडीत कशाला लागतंय पाणी," ती पाठमोरीच म्हणाली.

"थंडीत तू पाणी प्यायचं सोडतीस व्हय?" बानूबाई दत्ताकडं वळल्या. "येत्या गुरुवारच्या सुट्टीपातूर थांब. आज हायेत ती भोकं जोडून घे आन् गुरुवारी सगळ्या ओळी फिर. एक जरी नवं भोक घावलं, तर गोळ्या मी माझ्या हातानं वळीन."

आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे दत्ता जाणून होता. "गुरुवार म्हंजी गुरुवार," असं बजावून तो शिक्रापूरला कंपनीत दुसऱ्या पाळीला निघून गेला.

तो गेल्यावर बानूबाई परसात आल्या. परळ न्हाणीमागं कोळिष्टकात पडलं होतं. त्याच्या शेजारी तेलाचा एक प्लास्टिकचा डबा वरून कापून पालथा घातलेला दिसला.

"हे काय गं?"

दारात उभ्या असलेल्या अनिताला रडूच फुटलं. "आत्या, परळ दिवसातनं दोनदा भरावं लागतं. म्हून म्या डबा कापून ठेवला. एकदा भरला की चार दिवस बघायला नको. तिसऱ्या सकाळी बघते तर आत खारीचं पिल्लू मरून पडलेलं. बोटाएवढं. डबा गुळगुळीत, त्याला वर येता आलं न्हाई. तवापासनं म्या पाणीच ठेवलं न्हाई. ह्यास्नी कायबी बोलले न्हाई."

बानूबाईंना राग आला. जिभेवर नको ते शब्द आले. पण पोरीनं पाणी ठेवलं होतं, तेही कुणी बघत नसताना; चुकली ती कंटाळ्यापायी. त्यांनी राग गिळला.

"कुठं पुरलंस?"

"कढीपत्त्याखाली."

"मग परळ तिथंच ठेवायचं. आन् भरायचं तू. मी हात लावणार न्हाई."

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, आत्या."

"व्हतंय." बानूबाईंनी परळ घासून कढीपत्त्याजवळ ठेवलं, अंगण धुंडाळून एक खरबरीत दगड आणला आणि माथा पाण्यावर राहील असा मधोमध मांडला. "ह्यावर पाय रोवला की चिमणीचं पोरबी बाहेर येतं."

अनिता सकाळ-संध्याकाळ परळ भरू लागली. ओतायची आणि मागं न बघता घरात यायची. पाणी घटत होतं, पण पिताना कुणी दिसत नव्हतं.

"कावळे पीत असतील," बुधवारी ती म्हणाली. "खारी भ्याल्यात, आत्या. उद्या गुरुवार. आन् समदं माझ्यापायी."

"उद्या उद्याचं बघू. तू पाणी घाल," बानूबाई म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

गुरुवारी उन्हं वर येताच दत्ता मिरचीत शिरला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाकून फिरला आणि कंबर धरून परत आला. सासू-सुना मागच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. तो घरात गेला, कोनाड्यातली पुडी घेऊन आला आणि मोटारसायकलच्या डिकीत टाकली.

"दुकानदार माघारी घेतो का बघतो," तो म्हणाला. "नवं एकबी न्हाई."

"गप," अनिता दबक्या आवाजात म्हणाली. "हलू नगा."

कढीपत्त्यावरून एक खार उतरली होती आणि तिच्यामागं शेपटीला अजून झुबका न आलेलं पिल्लू. आई काठावरून प्यायली. पिल्लू पुढं वाकलं, त्याचे पाय घसरले आणि ते पाण्यात गेलं.

अनिता उठायला धडपडली. बानूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "थांब. भ्याल त्ये."

पिल्लानं दोनदा पाय मारले. मग त्याला दगड सापडला. वर चढून ते थरथरलं, अंग झाडलं आणि एका उडीत काठ ओलांडून झाडावर पळालं.

पिल्लू सांडून गेलं होतं ते पाणी भरायला अनिता तांब्या घेऊन उठली. कढीपत्त्याच्या बुंध्याशी ती खाली बसली आणि परळ हळूहळू काठोकाठ भरलं.