खंड्याच्या बिळासमोर

तंबू एकदम बिळासमोर लावला तर खंड्या घरटं सोडून देतो. म्हणून ती एकोणीस दिवस रोज ऑफिसच्या आधी नदीवर यायची, कापडी तंबू दोन हात पुढे सरकवायची आणि जाऊन प्रोग्राम लिहीत बसायची. आज तंबू दरडीतल्या त्या बिळापासून दहा पावलांवर होता. पिल्लं आज उडणार, हे बिळाच्या तोंडाशी डोकावणाऱ्या चोचींवरून तिने ताडलं होतं. त्या एका फोटोसाठी एक दिवसाची रजा मागून घेतली होती.

सोबत सासूबाई. दोघींनी तंबूत शिरायचं आणि एकीने निघून जायचं, म्हणजे पक्ष्याला वाटतं तंबू रिकामा झाला.

"त्याला दोन आणि एक कळत नाही?"

"नाही, आई. मोजता येत नाही."

"तुझ्या साहेबासारखंच की. चौघांचं काम एकटीकडून करून घेतो, त्याला तरी कुठे मोजता येतं?" असं म्हणून त्या गुडघे धरत वरच्या रस्त्यावर गाडीत जाऊन बसल्या.

पहिला मासा आला, बिळात गेला. देवाने ऊनही कसं बेताचं धाडलं होतं! आणि फोन थरथरला.

"सुट्टीवर आहेस, माहीत आहे," साहेब म्हणाले, "पण दवाखान्यांच्या ॲपवर एकाच वेळेला दोन-दोन पेशंट लागताहेत. दारात भांडणं चाललीत. शुक्रवारचा बदल तुझाच ना?"

तिचाच. आजची रजा मिळावी म्हणून घाईघाईत, पुरती चाचणी न करता ॲपवर चढवलेला. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. दुसऱ्या कोणाचा असता तर निदान चिडायला माणूस तरी मिळाला असता!

लॅपटॉप सोबत होताच. तो घरी ठेवायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं. तिने मांडीवर उघडला. तंबूच्या झरोक्यातून पडद्याचा उजेड बाहेर पडला. मासा घेऊन आलेला खंड्या समोरच्या फांदीवर थबकला, मान वरखाली करत राहिला आणि माशासकट उडून गेला. तिने उजेड कमी केला. तो परत आला. कीबोर्ड खडखडला, तो परत गेला. बिळातला कलकलाट चढत चालला.

फोटो हुकला तर आपलं नशीब; पण लेकरांच्या तोंडचा घास आपल्यापायी माघारी जावा? तिने लॅपटॉप मिटला. रिकाम्या वाटणाऱ्या तंबूतून एकटीच बाहेर पडली असती तर खंड्या कायमचा बिथरला असता, म्हणून तिने फोन लावला.

"आई, मला न्यायला या."

"झालं एवढ्यात?"

"काही नाही झालं. या तुम्ही."

दोघी वर चढून येईपर्यंत खंड्या सरळ बिळात शिरलाही. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवत ती म्हणाली, "आता वीस मिनिटं माझ्याशी अजिबात बोलू नका."

पन्नास लागली.

"ग्रेट!" साहेब म्हणाले. "आता मस्त सुट्टी घे."

सासूबाई कठड्याला टेकून खाली बघत होत्या. डोळे पाणावलेले.

"चारही गेली गं."

"उडाली? मग हाक नाही मारायची?"

"बोलू नका म्हणालीस."

"आई!" ती किंचाळलीच. लॅपटॉप आपटून बंद केला. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटचं फार भित्रं होतं. सारखं बाहेर, सारखं आत. मग बापाने, का आईने, मला मेलीला काय कळतंय, समोर मासा धरला आणि दिलाच नाही. तेव्हा आलं."

ती नदीकडे न बघता म्हणाली, "ऊन कसं होतं तेव्हा?"

सासूबाई चाचरल्या.

"चांगलं होतं गं."